बडगीतली रीत

देवाशपथ, शब्द न् शब्द खरा! नाताळच्या सुट्टीत ताईबाईंचं चाळीस माणसांचं खटलं धरणगावच्या मळ्यात भरताला जमलं. वांगी भाजून झाली. बडगीत, त्या लाकडी कुंडीत, मुसळानं ठेचणार कोण? मागच्या नाताळात धाकटी सून "जाऊबाईंचं भरीत म्हणजे पातळ खीर" म्हणाली, तेव्हापासून थोरलीचा अबोला. "पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही," तिनं सकाळीच बजावलेलं. ताईबाई गरजल्या, "आपली सात पिढ्यांची रीत शे! जावांनी मिळून मुसळ धरलं नाही, तर बठ्ठं भरीत कडू, एकूण एक घास!" "कधी ऐकली नाही!" थोरली फणकारली. "विचारली होतीस?" ताईबाईंनी सुनावलं. नाक मुरडत दोघींनी मुसळ धरलं. पाचव्या घावाला भरीत उडून थोरलीला मिशा आल्या. धाकटी खिदळली. "दात काढतेस? पूस की!" म्हणत थोरलीही हसली. खोटी फक्त ती रीत. ताईबाईंनी वांगी तोडताना रचली. पहिली पिढी आजपासून सुरू.