वर्धेचे व्होल्ट

"श्रावण, तुझं उत्तर निम्मं चुकलंय," म्हणत किसनरावांनी लाल पेन्सिल उचलली.

वायरमनच्या परवान्याची परीक्षा चालू होती. किसनराव परीक्षक, नागपूरहून आलेले. टेबलावर विजेची शेगडी, तिला जोडलेले दोन मिटर, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा, आणि शेगडीवर साहेबांच्या चहाचं आधण. सरकारी वीज नुसती मोजण्यात वाया जाऊ नये, असं साहेबांचं मत होतं.

प्रश्न सगळ्यांना एकच. मिटर वाचा, शेगडीचा रेझिस्टन्स सांगा, पॉवर सांगा. साहेबांच्या छापील उत्तरात दोनशे वीस व्होल्ट होते आणि चार पॉइंट चार अँपिअर. म्हणून पन्नास ओहम आणि नऊशे अडुसष्ट वॅट. सकाळपासून अकरा जणांनी तेच सांगितलं होतं. मिटरकडे पाहण्यात वेळ घालवू नये, हे त्यांना गेल्या वर्षी पास झालेल्यांनी सांगून ठेवलं होतं.

बारावा श्रावण. त्यानं मिटर वाचले. एकशे ऐंशी व्होल्ट, तीन पॉइंट सहा अँपिअर. भागाकार केला, पन्नास ओहम. गुणाकार केला, सहाशे अठ्ठेचाळीस वॅट.

"ओहम बरोबर. वॅट चूक."

"शेगडी तीच हाय, म्हणून ओहम जुळले साहेब. व्होल्टच कमी, त वॅट कुठून येतीन?"

"व्होल्ट दोनशे वीसच असतात. तसं ठरलेलं आहे."

"नागपुरात ठरलं असन जी. शेगडी वर्धेत जळून राह्यली."

नाचणगावच्या श्रावणनं पुलगावच्या गिरणीत बारा वर्षं दुसऱ्यांसाठी शिडी धरली होती. परवाना मिळाला तर वर चढायचं, नाही तर पुन्हा खाली उभं राहायचं.

पेन्सिल कागदाला टेकली. श्रावणनं विचारलं, "आधण कवा ठेवलं?"

"तीनले," दारातून शिपाई नत्थू म्हणाला.

"माझ्या घरी अशीच शेगडी आहे," किसनराव म्हणाले. "एवढंच पाणी. वीस मिनिटांत उकळतं."

"मंग इथं वॅट कमी, त अर्धा तास लागन."

तीन वाजून वीस मिनिटांनी किसनरावांनी घड्याळ पाहिलं. नत्थूनं झाकण उचललं.

"मुकंच हाय जी अजून."

किसनरावांनी पेन्सिल खाली ठेवली. दहा मिनिटं सगळे झाकणाकडे कान लावून बसले. डोक्यावरचा पंखाही वर्धेच्याच विजेवर फिरत होता, त्यामुळे त्याचाही आवाज नव्हता.

साडेतीनला झाकण खडखडलं.

चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर साहेबांनी शेरा लिहिला आणि वाचून दाखवला, "मिटर सदोष. उमेदवार निर्दोष. पास."

श्रावणचा चेहरा उजळला. मग त्यानं मिटरकडे पाहिलं.

"पण साहेब, मिटर त बरोबर..."

नत्थूनं त्याच्या हातात गरम गिलास ठेवला.

"चहा पी अगोदर, श्रावणभाऊ. शिडी चढाची हाय न तुले?"