हातोडीची खूण

औरंगपुऱ्यातला सुदाम लोहार हातोडी टेकवून जागा दाखवी आणि बायको नेमका तिथंच घण घाली. संसारात ती त्याचं तेवढंच ऐके. आज ती लासूरला माहेरी होती. सवयीनं त्यानं तापल्या विळ्यावर हातोडी टेकवली. समोर कुणी नसताना घाव बसला.

गिऱ्हाईक काकासाहेब मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाले, "वहिनी, जरा दमानं."

थांबायची खूण म्हणून सुदामनं रिकामी ऐरण वाजवली. तिथंही घाव बसला. हातोडी जमिनीवर ठेवायला गेला, तर घाव बोटांना चाटून गेला.

मग तो हातोडी वर धरूनच उभा राहिला. घामानं दांडा निसटू लागला. खाली त्याचे अनवाणी पाय होते.

काकासाहेबांनी मान वर केली. "टेकवा की सुदामभाऊ. वहिनी कवाच्या घण उचलून उभ्या हायत."