दुरुस्त केलेला हात

ज्या सकाळी पडद्यावर सदुसष्ट हा आकडा उमटला, त्या सकाळी कुलथ्यांना कळलं की लीलाचा हात घरातून गेला.

मरण्यापूर्वी त्यांच्या बायकोने, लीलाने, आपली पेटी वाजवण्याची सगळी ढब यंत्राला शिकवली होती. घरात त्याला लीलाचा हातच म्हणत. रोज चहा झाला की कुलथे संगणकावर लिनक्सच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून एक सूर पाठवत. प्रत्येक सुराला एक आकडा होता; साठ म्हणजे षड्ज. मग कोपऱ्यातला वाद्याचा कीबोर्ड तिच्यासारखं उत्तर द्यायचा आणि सुरांचे आकडे पडद्यावर उमटायचे. तिच्या पेटीत पंचमाची पट्टी दाबली की अडकून बसायची. ती चुकवून वाजवायची तिला जन्माची सवय. म्हणून पंचमाचा आकडा, सदुसष्ट, कधीच येत नसे.

त्यांनी यंत्र दुरून सांभाळणाऱ्या मुलाला, शैलेशला, फोन लावला.

"आईच्या हाताला काय केलंस?"

"दुरुस्त केला, बाबा. एका संगीताच्या क्लासला हवा होता. पंचम टाळणारा हात पोरांपुढे कसा ठेवणार?"

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हे तुला ठाऊक होतं तर."

"पण बाबा, ऐका तरी. किती स्वच्छ वाजतो."

कीबोर्ड खरंच स्वच्छ वाजत होता. कुलथ्यांनी आज्ञा देऊन तो थांबवला.

शैलेश अजूनही रोज फोन करतो आणि ते जेवणाखाण्याचं बोलतात. जुना हात कुठे जपून ठेवला आहे का, हे कुलथ्यांनी अजून विचारलेलं नाही.