थांबलेली सडक

मंठ्याच्या सडकेपल्याड कुरण होतं, म्हणून बायनाबाईला रोज मेंढरं घेऊन सडक ओलांडावी लागे. लांबून ट्रक दिसला की ती देवाचं नाव घेत, ओरडत, कळप हाकत पळत सुटे. मागच्या उन्हाळ्यात अशाच पळापळीत एक गाभण मेंढी चाकाखाली गेली, आणि तेव्हापासून तिला सडकेची धडकीच भरली होती.

साक्षरता वर्गाच्या नंदाबाईंनी एकदा गावातल्या लहानथोरांना गोळा करून रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवलं. "पळायचं नाही. कडेला थांबायचं, गाडी लांब असतानाच हात वर करायचा आणि डायवरच्या डोळ्याला डोळा द्यायचा. गाडी थांबली की मगच चालायचं."

"टरक माझं ऐकल व्हय, बाई?" बायनाबाई हसली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती कडेला थांबली. सरकीनं भरलेला ट्रक येत होता. तिनं हात वर केला आणि ट्रकच्या काचेत पाहिलं. ट्रक हळू झाला, थांबला. मागं एसटी थांबली. समोरून येणारी जीपही थांबली. सगळी सडक गप्प झाली, आणि बायनाबाई चालायचंच विसरली.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "चला मावशी, आरामात. जल्दी न्हाई."

संध्याकाळी नवऱ्यानं, म्हस्कूनं विचारलं, "आज येवढी गप का? मेंढरं बराबर हायेत ना?"

"हायेत की." तिच्या तोंडावरचं नवल अजून ओसरलं नव्हतं. "आवं, टरकात मानूस असतो!"