खापरावरचे थेंब

चुलीपुढे बसलं की माझ्या डोळ्यांखाली पाण्याच्या निळसर पुळ्या फुगायच्या. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "घाम साठतो, अक्का. अपाय नाही, पण विस्तवापासून लांब राहा."

मी म्हटलं, "मग आखाजीला पितरांचे मांडे तुम्ही भाजणार का?"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सकाळी सून प्रमिला म्हणाली, "खापरापुढे मी बसते."

"मी मेल्यावर बस," म्हटलं, आणि मांडे भाजायचं मातीचं खापर चुलीवर पालथं घालून तापवलं.

तेवढ्यात ती किंचाळली, "आत्याबाई, बठ्ठ्या पुळ्या कुठे गेल्या? एकही दिसत नाही!"

मी डोळ्यांखाली हात फिरवला. कातडी सपाट होती. तापल्या खापरावर मात्र निळसर थेंबांच्या दोन कमानी उमटल्या होत्या. थेंब चरचरत नव्हते, आटत नव्हते.

पितर उपाशी ठेवायचे नव्हते. मी हातावरचा मांडा त्या थेंबांवरच टाकला. पापणी उघडावी तसा तो खालून उचलला गेला.

मी तळव्यानं दाबून धरला. तळव्याखाली काहीतरी गार, ओलं, हळूच मिटलं.