टेकडीवरचा गुरुवार

आठ वाजायला चार मिनिटं होती आणि निवेदिता घाणेरीच्या झुडपामागे उकिडवी बसली होती. इंजिनियर झालेल्या मुलीनं सुट्टीच्या दिवशी असं बसणं शोभत नाही, हे तिला कळत होतं. पण दुसरा इलाज उरला नव्हता.

समोर, तळेगाव-चाकण रस्त्याच्या वरच्या बोडक्या टेकडीवर, तिच्या कंपनीचा मनोरा होता. वर दोन रेडिओ, खाली एक सोलर पॅनेल, पत्र्याच्या पेटीत बॅटरी. पलीकडच्या तीन गावांना इंटरनेट पोचायचं ते ह्याच्यावरून. रेशनचं मशीन अंगठा ओळखायचं, उपकेंद्रातली नर्स तालुक्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायची, ते ह्याच्याच जिवावर. आणि गेले सहा आठवडे दर गुरुवारी सकाळी आठला हे सगळं बंद पडायचं. संध्याकाळी सहाला आपलं आपण सुरू व्हायचं.

ऑफिसात ह्यावर पुष्कळ संशोधन झालं. शेखरसाहेबांचं मत असं, की गुरुवारी एमआयडीसी बंद असते, दुरुस्तीसाठी वीज जाते, त्याचा हा परिणाम. टेकडीवर विजेची तारच गेलेली नाही आणि सूर्य काही एमआयडीसीत कामाला नाही, हे निवेदितानं अदबीनं सांगून पाहिलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी दत्ताला नारळ सुचवला. निवेदितानं बॅटरी बदलली, वायर बदलली, चार्जर बदलला. दर शुक्रवारी जाऊन मीटर लावला. बॅटरी काठोकाठ भरलेली, सगळं ठणठणीत. शुक्रवारीच का? तर गुरुवारी तिच्याही कंपनीला सुट्टी. पेशंट बरा झाल्यावरच त्याला तपासायचं, अशी ही पद्धत होती, आणि ती सहा आठवडे कुणालाही खटकली नव्हती.

उद्या मात्र तिन्ही गावांचे सरपंच ऑफिसात येणार होते. "दोष कुणाचा, ते मला नावानिशी पाहिजे," शेखरसाहेबांनी बजावलं होतं. "नाव नाही सापडलं, तर तुझी नोकरी पक्की करायचा कागद मी फाडून टाकणार."

बरोबर आठला राखणदार भैरूनाना टेकडी चढून आले. चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेसवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी चप्पल बाजूला काढली, पेटी उघडली आणि खटका खाली ओढला. दोन्ही रेडिओंचे दिवे विझले.

"नाना!" निवेदिता झुडपातून उठली.

नाना अजिबात दचकले नाहीत. "आज कशा काय मॅडम? सुट्टी न्हाई का तुमाला?"

"बंद का केलंत?"

"गुरवार हाय न्हवं? आज त्याची सुट्टी."

निवेदिताला आधी हसू आलं. मग तिनं फोन काढला. नाव सापडलं होतं. नुसतं सापडलं नव्हतं, समोर उभं राहून फडकं पिळत होतं.

"कधीपासून देताय ही सुट्टी?"

"दुसरा रेडू बसवला न्हाई का तुमी, शाळंसाठी? त्याच्या आदी कायबी तक्रार नव्हती. तो बसला आन् दोन-चार दिसांत बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. पहाटं बंद. ऊन आलं का उठायचं, पुन्हा पडायचं. डबल शिफ्ट मारल्याली माणसं बघितल्यात मी, तसं. म्हनलं, ह्याला आठवड्याची सुट्टी पायजे. ऑफिसात फोनबी केला व्हता."

"मग?"

"अर्ज करा म्हनले."

निवेदितानं वाकून पेटीतल्या बॅटरीचा दिवा पाहिला.

"मंग दिली मीच. गुरवारी दिवसभर झोपू दिलं, सांजच्याला सहाला खटका वर केला, तवापास्नं पुढच्या बुधवारपोत्तर पठ्ठ्या हू का चू करत न्हाई."

निवेदिता दगडावर टेकली. फोनवर कुणाचा नंबर लावायचा राहिला आणि ती त्याच फोनवर आकडेमोड करू लागली. दोन रेडिओ दिवसरात्र किती वीज पितात. एवढं पॅनेल दिवसाला किती देतं. रोज थोडी कमीच पडत होती. आठवडाभर तूट साठत जायची आणि गुरुवारी, रेडिओ बंद असताना, सगळी भरून निघायची. शुक्रवारी ती मीटर लावायची तो नुकत्याच झोपून उठलेल्या बॅटरीला.

तिनं तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

दुसरा रेडिओ बसवताना एक कागद झाला होता. 'सध्याचे पॅनेल पुरेसे आहे.' खाली तिची सही, सहीखाली रेघ. तो बुधवार होता, संध्याकाळचे सहा वाजत आले होते, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गणित न करताच तिनं सही ठोकली होती.

नाना ओल्या फडक्यानं पॅनेल पुसत होते. "काय चुकलं का मॅडम माझं?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. शेखरसाहेब. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"सापडला का दोष?"

"सापडला, सर."

"शाब्बास! कुणाचा? नाव सांग, लिहूनच घेतो."

नानांचं नाव चार अक्षरांचं होतं. लिहायला अगदी सोपं.

"लिहा. निवेदिता काळोखे."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. "अगं, पण मग ते गुरुवारी बंद का पडतं?"

"गुरुवारचं सोडा, सर. माझ्या सहीमुळे ते रोज बंद पडायला पाहिजे. बाकीचे सहा दिवस चालतं, ते भैरूनानांमुळे."