गोळ्यांची खोली

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी रविकिरणअण्णांच्या धान्याच्या गोदामात विषारी वायूने एकही माणूस दगावला नाही. हे वाक्य चुकून आधी आलं. ते वाचलंच नाही असं समजावं, कारण सकाळी अकरा वाजता सुप्रीताला तरी तसं अजिबात वाटत नव्हतं.

ती फाटकाबाहेर उभी राहून माणसं मोजत होती. चौदा हवी होती. तेरा भरत होती.

"नरसिंहराव मामा कुठायत?"

"गोळ्यांच्या खोलीपाशी," ड्रायव्हर विनोदकुमार म्हणाला. त्याच्या हातात अजून पाण्याचा पाइप होता. पूजेसाठी लॉरी धुता धुता त्याला हुरूप आला होता आणि त्याने गोळ्यांच्या खोलीच्या झरोक्यातून आत चांगली पाच मिनिटं पिचकारी मारली होती. "स्वल्प कोळिष्टकं होती, अक्का."

त्या खोलीत धान्यातली कीड मारायच्या गोळ्यांचे आठ डबे होते. गोळीला पाणी लागलं की वायू सुटतो, आणि तो कीड आणि माणूस असा भेदभाव करत नाही. हे दारावर तीन भाषांत लिहिलं होतं. विनोदकुमारने तो फलकही स्वच्छ धुतला होता.

सुप्रीताची नोकरी त्या आठ डब्यांवर उभी होती. "हे विष ठेवतो म्हणून नियमाने सुरक्षा अधिकारी ठेवावा लागतो," अण्णांनी नेमतानाच सांगितलं होतं. "नाहीतर मला काय हौस आहे?" सहा महिन्यांची मुदत या महिन्यात संपत होती. कायम करायचं की नाही, ते अण्णा दसऱ्यानंतर ठरवणार होते. तिकडे बसवनगुडीत तिच्या आईने मात्र ती कायम झाल्याचं सगळ्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं.

तोंडाला ओला, नव्हे, कोरडा रुमाल बांधून ती आत धावली. स्टोअरकीपर नरसिंहराव खोलीच्या दाराला पाठ लावून उभे होते. खोकत नव्हते. पळतही नव्हते. तिने त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं.

"चावी द्या, मामा. फायरवाल्यांना लागेल."

"घरी राहिली."

"भिजलेल्या शर्टातून दिसतेय. जानव्याला बांधलीय."

मामांनी खाली वाकून पाहिलं. "ती देवघराची."

"तिला लाल बिल्ला आहे."

"आमचं देवघर लालच आहे."

सुप्रीताचा या माणसावर पहिल्या दिवसापासून संशय होता. ती तपासणीला आली की त्यांची एकादशी असे, नाहीतर सुतक, नाहीतर कुलूप गंजलेलं. "तुमचं लग्न व्हायचंय अक्का, कशाला त्या हवेत जाता? इथूनच सही करा." तिने सहा वेळा तिथूनच सही केली होती. 'डबे प्रत्यक्ष पाहिले.' आता तिला वाटलं, हा गोळ्या बाहेर विकत असणार. आणि आज पाणी मारायला विनोदकुमारला यानेच सांगितलं असणार, पुरावा धुऊन काढायला.

"वास येतोय!" कोणीतरी ओरडलं. "लसणाचा!"

त्या वायूला लसणासारखा वास येतो, हे सुप्रीतानेच शिकवलं होतं. सगळ्यांना तो एकदम आला. दोन हमालांना चक्कर आली. ती आल्याचं पाहून तिसऱ्यालाही आली.

"मामा, तुम्हाला येतोय?"

"आमच्या घरात लसूण आणत नाहीत. मला काय कळणार?"

अग्निशमनची गाडी रिंग रोडवरून पाऊण तासाने पोहोचली.

"पाणी नको!" सुप्रीता हात पसरून गाडीपुढे उभी राहिली. "कोरडी वाळू!"

"मॅडम, ही आगीची गाडी आहे," अधिकारी शंभूराज म्हणाले. "पाण्याचीच असते." पण त्यांनी ऐकलं. गर्दीला वाऱ्याच्या उलट बाजूला हटवलं, पाठीवर हवेची टाकी चढवली आणि चावीसाठी हात पुढे केला.

मामांनी जानव्याची गाठ सोडली. "साहेब, आत नका जाऊ."

"धोका आहे?"

"फार."

"कोणाला?"

मामांनी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवलं. सुप्रीताने ते मनात टिपून ठेवलं.

दहा मिनिटांनी शंभूराज मुखवटा काढत बाहेर आले. "मीटर शून्य. आठही डबे रिकामे. तळाला नुसता गंज. लसूण म्हणाल तर कोपऱ्यावर गोबी मंचुरीची गाडी आहे. लेखी अहवाल उद्या देतो."

चक्कर आलेले तिघं उठून उभे राहिले.

सुप्रीताने मामांना बाजूला ओढलं. "कोणाला विकल्या गोळ्या?"

"विकतो कशाला? संपल्या. चार वर्षं झाली. आता कीड मारायला येणारे आपापल्या गोळ्या घेऊन येतात." मामांनी जानवं नीट केलं. "अण्णांना सांगितलं असतं तर खोली बंद, आणि मी घरी."

"अण्णा येतायत. मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकलेत. आले की पहिलं हेच सांगते."

"सांगा, अक्का," मामा शांतपणे म्हणाले. "सरी, ठीक आहे. दोघं मिळून घरी जाऊ."

सुप्रीताने रस्त्याकडे पाहिलं; अण्णांची गाडी अजून दिसत नव्हती. मग तिने विनोदकुमारकडून पेन मागून घेतलं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. अग्निशमन अधिकारी यांस. आमच्या गोदामात आज विषारी वायू सुटला होता व यापुढेही नियमितपणे सुटत राहील, असा दाखला, शक्यतो मालक मारतहळ्ळीहून पोहोचण्याआधी, मिळावा ही नम्र विनंती. आपली विश्वासू, सुप्रीता, सुरक्षा अधिकारी."